डाव्या ओठाची खूण

आमच्या दलदलीच्या मुलखात मुली गायीची धार काढायच्या आधी डोळा मारायला शिकतात. आई लोणी घुसळता घुसळता म्हणायची:

वर बघ, साहेब आला,
मान कलव, बाई आली,
डोळा मिट, काणा आला,
ओठ काढ, गाय आली!

अल्युएतच्या खेळात हेच चार पत्ते थोर, याच क्रमाने. त्यांच्याखाली दोन नव्व्या, दोन दुर्र्या, मग एक्के, राजे आणि उरलेला पालापाचोळा. समोरच्या भिडूला खुणा करणं ही आमच्यात लबाडी नव्हे, रीत आहे. पलीकडच्या जोडीने ती टिपू नये, एवढं मात्र जपायचं. आणि दोघा भिडूंनी केलेले हात एकत्र मोजत नाहीत. ज्या एकट्याचे हात सगळ्यांत जास्त, त्याच्या जोडीचा डाव. म्हणजे एकाने मारायचं आणि दुसऱ्याने मुकाट वाटेतून बाजूला व्हायचं.

माझा नवरा ओनेझीम या खुणांचा राजा. पण सप्टेंबरात त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. गाल उतरला, ओठ लोंबला. त्याचा जुना भिडू मुलीकडे नांत शहरात राहायला गेलेला. मग फेब्रुवारीतल्या रविवारच्या सामन्याला मीच त्याच्यासमोर बसायचं ठरवलं. निघताना कोटाची बटणं लावता लावता तो म्हणाला, "यूजेनी, आज तुला माझं तोंड वाचता आलं नाही, तर हे पत्ते चुलीत घालीन. मग पुन्हा मला गावच्या सभागृहात ओढायचं नाही."

"आधी मफलर गुंडाळ," मी म्हटलं. पत्ते गेले, की हा माणूस खिडकीत बसून नुसता पाणी बघत राहील, हे मला ठाऊक होतं.

दुपार कशी उडून गेली कळलंच नाही! एक जोडी हरवली, दुसरी हरवली, आणि चारच्या सुमारास आम्ही शेवटच्या टेबलाशी आलो. आमच्या विरुद्ध कालवंवाला फिलबेर आणि त्याचा मेहुणा आर्सेन. मध्ये मस्कादे वाइनची बाटली, भिंतीशी बक्षिसाचं हॅम टांगलेलं.

फिलबेर पत्ते वाटता वाटता हसला. "काय रे ओनेझीम, आता अर्धंच तोंड वाचायचं म्हणजे आमचं कामही अर्धं झालं की!"

"वाच ना. पूर्ण होतं तेव्हा तरी कुठे वाचता आलं होतं?" ओनेझीम एका बाजूने बोबडं बोलला. सगळं सभागृह खिदळलं.

पाच गुणांचा खेळ. त्यांचे चार झाले, आमचे तीन. आणखी एक डाव, की ते जिंकले.

नऊ हातांपैकी पाच झाले. फिलबेरचे तीन, माझे दोन, ओनेझीमचा एकही नाही. फिलबेरने राजा टाकला. आता माझी पाळी. माझ्याकडे बाई, एक एक्का आणि दोन सत्त्या. एक्क्याने राजा मारावा, पुढे बाईने आणखी एक घ्यावा, माझे चार, उरलेले दोन ओनेझीमने अडवले की डाव आमचा, चार-चार बरोबरी. सरळ वाट होती. बोटं एक्क्यावर गेलीसुद्धा.

तेवढ्यात समोर काहीतरी हललं.

ओनेझीमची उजवी बाजू दगडासारखी होती. फिलबेर आणि आर्सेन दोघेही तिच्यावरच डोळे लावून होते. डाव्या बाजूला, जिथे पाच महिने मी रोज सकाळी कोमट तेल चोळलं, तिथे एक दात खालच्या ओठात रुतला होता. जेमतेम. पाण्यावर माशी बसावी तेवढाच.

ओठ चावणं! म्हणजे आमची मॉर्दिएन: उरलेले सगळे हात माझे, बाजूला हो. आधी एकही न घेता शेवटचे ओळीने जिंकून वरचढ ठरलं, तर एका डावाला दोन गुण. दोन गुण म्हणजे सामनाच!

पण ती खूण होती, की नुसती थरथर? त्या ओठाला थरथर नवी नव्हती. सूप पिताना तो असाच हलायचा. चुकले तर राजा फिलबेरला, त्याचे चार हात, सगळं संपलं.

"झोप लागली का गं, यूजेनीबाई?" आर्सेन म्हणाला.

मी त्या ओठाकडे पाहिलं. थरथर येते आणि जाते. हा दात रुतून बसला होता.

मी सत्ती टाकली.

"अगं बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. फिलबेरने हात पुढे केला राजा ओढायला. आर्सेनने छक्की टाकली. आणि ओनेझीमने गाय आपटली!

लगेच साहेब. मी त्याच्याखाली माझी बाई घातली, स्वतःच्या हाताने, हसत हसत. मग काणा. माझा एक्का गेला. शेवटी थोरली नव्वी. ओळीने चार! बाटली लवंडली, खुर्च्या सरकल्या, मी उभी राहून लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत होते.

"खूण कुठे केलीस? मी डोळे हलवले नव्हते!" फिलबेर ओरडला.

"डावीकडे," ओनेझीम म्हणाला. "उजवीकडे तुम्ही होता ना राखणीला."

"ती बाजू हलते?"

"मला कुठे माहीत होतं? म्हटलं, बघू चावून."

मी वाकून त्याच्या ओठावर बोट ठेवलं. दाताची खूण खरंच उमटली होती. लाल, ओली. हॅमकडे माझं लक्षही नव्हतं.

"सुडाचा डाव पाहिजे मला," फिलबेर बाही वर करत म्हणाला. "आत्ताच्या आत्ता!"

ओनेझीमने पत्ते गोळा केले आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"पीस, यूजेनी. अजून उजेड आहे."