वेम्बनाडवरचा लाल डाग

दहा वाजून सदतीस मिनिटांनी जिन्सीनं हातातलं रंगमापक पाण्यावर रोखलं आणि नेमका तेव्हाच सूर्य ढगाआड गेला.

"झालं कल्याण!" तिनं डोक्यावरची टोपी काढून नावेच्या तळाशी आपटली.

पुष्करननं बांबू चिखलात रोवून नाव थांबवली. "तुमचा तो वरचा डोळा आजही मिटलेलाच का, टीचर?"

जिन्सी कुणाला शिकवत नव्हती. कोचीच्या एका संस्थेत ती उपग्रहाच्या चित्रांवरून पाण्याचा रंग वाचायची. कुठं गाळ आहे, कुठं शेवाळ माजलंय, ते नकाशावर दाखवायची. पण शिकलेली बाई म्हटली की पुष्करनच्या लेखी ती टीचरच, आणि तिच्या लेखी तो चेट्टा, थोरला भाऊ.

"ढगातून त्याला दिसत नाही, चेट्टा. किती वेळा सांगू?"

"मला दिसतंय की इथनं. ही जलपर्णी. आमच्या गाईलासुद्धा दिसेल."

तो म्हणत होता ते खरंच होतं. महिन्यापूर्वी तिनंच केलेल्या नकाशात पुत्तनकडव गावासमोर वेम्बनाड सरोवराच्या पाण्यात धोक्याच्या खुणेचा एक लाल डाग आला होता. खाली तिनं लिहिलं होतं, 'शेवाळ असण्याची शक्यता, खात्री करावी.' नकाशा पंचायतीत पोचेपर्यंत ती ओळ कुठं गळाली देव जाणे. पंचायतीनं फलक लावला, 'पाणी विषारी. तिसऱ्या (शिंपले) काढण्यास बंदी.' पुष्करनसारखे बुड्या मारून तिसऱ्या काढणारे चाळीस जण त्या दिवसापासून घरी बसले.

दोनच दिवसांनी जिन्सी तिथं आली आणि पाहते तर काय, जलपर्णीचा हा भलामोठा गालिचा! वरून उपग्रहाला ती शेवाळासारखी दिसली होती, एवढंच. तिनं लगेच फोटो काढून पाठवले आणि वरिष्ठांना, इट्टी सारांना, फोन केला.

"फोटो म्हणजे पुरावा नव्हे," ते शांतपणे म्हणाले. "उपग्रह डोक्यावर असतानाच खाली मोजमाप घे. मग बघू."

उपग्रह पाच दिवसांतून एकदा यायचा, तोही दहा-चाळीसच्या सुमाराला. पहिल्या खेपेला ढग. दुसऱ्या खेपेला ढग. तिसऱ्या खेपेला आकाश काचेसारखं लख्ख, पण रातोरात वारा फिरला आणि जलपर्णीच दोन मैल सरकली. आज पुन्हा ढग.

पाचव्या खेपेला ऊन पडलं. जलपर्णीही परतून जागेवर आली होती. दहा-पस्तीसला जिन्सी मापक सरसावून उभी राहिली, तोच एक हाउसबोट ढणढण गाणी लावत थेट त्यांच्या अंगावर आली. पर्यटक हात हलवू लागले. लाटांनी नाव अशी डुलायला लागली की मापकातले आकडे नाचू लागले.

"अहो, लांब न्या ती! लांब!" जिन्सी हात उंचावून ओरडली.

त्यांना वाटलं, बाई नमस्कार करतेय. एकानं फोटो काढला.

मग पुष्करन उभा राहिला आणि त्यानं हाउसबोटवाल्याच्या बापजाद्यांचा असा काही उद्धार केला की गाणं बंद पडलं आणि बोट मुकाट्यानं वळली. दहा-एक्केचाळीसला जिन्सीला सगळे आकडे मिळाले. राहिला पाण्याचा नमुना. पानांच्या दाटीतून बाटली काही खाली जाईना.

"आणा इकडं," म्हणत पुष्करननं उडी मारली. बराच वेळ तो वर आला नाही. आला तेव्हा एका हातात भरलेली बाटली होती आणि दुसऱ्या हातात मूठभर काळ्या तिसऱ्या.

"चेट्टा, बंदी आहे!"

"हात आपसूक गेला. चाळीस वर्षांची सवय." त्यानं मूठ पाण्यावर धरली. "टाकतो. पण तुम्ही म्हणा, टाक."

जिन्सीनं बाटलीचं झाकण उगाचच पुन्हा पुन्हा आवळलं.

तीन दिवसांनी तपासणीचा निकाल हाती आला. पाणी नेहमीसारखं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली विषारी जातीचं एकही शेवाळ सापडलं नाही.

"छान," इट्टी सार म्हणाले. "आता अशी आणखी दोन मोजमापं आण."

"सार, म्हणजे आणखी आठवडा! तेही आभाळानं मनावर घेतलं तर!"

"विज्ञानाला घाई नसते, जिन्सी."

"मग खात्री करायच्या आधीच लाल डाग पंचायतीला पाठवायची घाई कुणाला झाली होती?"

जिन्सीनं त्या दुपारी साध्या भाषेत एक पत्र लिहिलं: नकाशा मी केला, तो चुकला, डाग जलपर्णीचा आहे, पाणी तपासलं आहे, विष नाही. खाली स्वतःची सही केली आणि बस पकडून पंचायत गाठली. पुष्करनची बायको ओमना तिच्याबरोबर आत शिरली.

सचिवांनी पत्र उलटंपालटं केलं. "शिक्का कुठाय?"

"शिक्का नाही. सही आहे माझी. नकाशा मीच केलाय."

"शिक्क्याशिवाय मी बंदी उठवू कशी?"

आता रडावं की हसावं, हेच जिन्सीला कळेना. तेवढ्यात ओमना टेबलावर झुकली. "मग ज्या कागदावर बंदी घातलीत, त्यावर शिक्का आहे का, सार? बघू तरी."

सचिवांनी फाइल उघडली. आत जिन्सीच्या नकाशाची घरच्या छपाईयंत्रावर काढलेली प्रत होती. शिक्का नव्हता. सहीसुद्धा नव्हती. सचिवांनी फाइल मिटली आणि शिपायाला हाक मारून म्हणाले, "तो फलक काढ रे."

दुसऱ्या दिवशी नावा पाण्यात गेल्या. जिन्सीला मात्र संस्थेतून फोन आला, परवानगीवाचून पत्र दिल्याबद्दल लेखी खुलासा द्या. त्या रागातच ती दुसरं मोजमाप घ्यायला पुत्तनकडवला आली, तर बाजारात ओमना भरल्या टोपलीपुढे गालाला हात लावून बसलेली.

"कुणी घेत नाही, मोळे," लेकीला हाक मारावी तशी ती म्हणाली. "सगळे विचारतात, त्या लाल पाण्यातल्या का? फलक काढायला पाच मिनिटं लागली. लोकांच्या डोक्यातनं कोण काढणार?"

एक बाई टोपलीत डोकावली आणि नाक मुरडून पुढं निघाली.

"अहो, थांबा," जिन्सी म्हणाली. "तो लाल रंग मीच दिला होता."

बाई थांबली. "तुम्ही? का बरं?"

जिन्सीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. खिशातला फोन दोनदा वाजून थांबला. बाईनं सगळं ऐकलं, दोन शंका काढल्या, टोपलीतल्या तिसऱ्या हुंगून पाहिल्या आणि अखेर एक वाटा घेतला. तिच्यामागं आणखी दोघी येऊन उभ्या होत्या. त्यांनी अर्धंच ऐकलं होतं.

"पुन्हा सांग, मोळे," ओमना म्हणाली, "आणि जरा मोठ्यानं."