ओला हत्ती

फुग्याची गाठ... ओल्या कागदांतून तेवढीच बाहेर डोकावणारी, लाल, बेंबीसारखी. हत्तीला बेंबी असते का, हे त्याला विचारायचं होतं. पण विचारणार कोणाला — पोरगी टेबलापलीकडे मान खाली घालून वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवत होती, आणि त्याला काही सांगायचं झालं की स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगत होती.

"आई, त्यांना सांग ना, सोंडेला अजून कागद लागेल."

"अगं, समोर बसलेत ते. तोंड आहे ना तुला?"

तोंड आहे, चांगलं खणखणीत आहे. मनगट मोडून हॉस्पिटलात आली तेव्हा तो प्लास्टर गुंडाळत होता आणि हेच तोंड क्षणभर मिटत नव्हतं... प्लास्टरवाले काका, आत मुंगी गेली तर? ती जेवेल काय? पुढे प्लास्टर निघालं, पण तिच्या आईची आणि त्याची ओळख राहिली, वाढली, यंदा लग्न झालं — आणि त्या दिवसापासून काका बंद. बरोबरच आहे म्हणा. घरातच राहणाऱ्या माणसाला काका कसं म्हणायचं, आणि बाबा... बाबांचा फोटो तिच्या उशाशी होता. मधल्यामध्ये मी बिननावाचा. नावाची हाव नव्हतीच त्याला. तिने आपल्याकडे बघून बोलावं, एवढंच हवं होतं.

म्हणून तर सुट्टीच्या दिवशी हा हत्ती. पट्टी निम्मी आधीच्या पट्टीवर चढवायची, तळव्याने सुरकुती काढायची — जन्म यातच गेला होता. पाय तर त्याने इतके मन लावून गुंडाळले की पेशंटची बोटं उघडी ठेवतात तशी हत्तीच्या पायांची टोकंही सवयीने उघडीच ठेवली. तिने ते पाहिलं, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंसं वाटलं... तेवढ्यावर गडी चेकाळला. पोटावर सराईतासारखी टिचकी मारून, "झालं, आता फुगा काढू," म्हणाला आणि टाचणी टोचून मोकळा झाला.

प्लास्टर बघता बघता दगड होतं. खळ होत नाही, हे त्याला फुगा फुटल्यावर सुचलं. हत्तीची पाठ हळूहळू खचू लागली, भरपेट जेवून बसल्या जागी पेंगणाऱ्या माणसासारखी. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! त्याने घाईने गाठीच्या भोकातून बोटं आत सारली, पाठ वर उचलून धरली आणि तसाच थांबला, तिच्याकडे न बघता. आता रडेल. आता आईला हाक मारेल.

"हलू नका!"

हे आईला नव्हतं.

"हलू नका हं अजिबात. वाळेपर्यंत धरायचं."

"धरतो."

ती खुर्ची ओढत त्याच्या बाजूला आली. पुठ्ठ्याने हत्तीला वारा घालू लागली, मग थांबून, "शी, नाकाला खळ लागलीय तुमच्या," म्हणाली आणि त्याचे हात अडकलेले बघून आपल्या फ्रॉकच्या टोकाने स्वतःच पुसली. त्याला एकदम भरून आलं. नाक पुसण्यासारख्या गोष्टीने... काय माणूस आहे मी.

बायको हात पुसत बाहेर आली. "अहो, चुरगळलेले कागद भरा की आत. राहील तो उभा. हात अवघडेल तुमचा."

खरं होतं. त्यालाही हे ठाऊक होतं. मुलीने पुठ्ठा थांबवून त्याच्याकडे पाहिलं — आईकडे नाही, त्याच्याकडे.

"छे, कागदाने नाही राहायचा हा," तो बेधडक म्हणाला.

पुठ्ठा पुन्हा हलू लागला. वाळल्यावर काय, ते त्याला कळत नव्हतं. उद्या ती परत स्वयंपाकघराकडे तोंड करून बोलेल, बोलेलही... खांद्यातून कळा येत होत्या. खिडकीतलं ऊन सरकत टेबलावर आलं, हत्तीच्या सोंडेपर्यंत पोचलं. ती वारा घालण्यात गुंग आहे असं बघून तो हळूच पुढे वाकला, आणि त्याने हत्तीवर आपली सावली धरली.