पाठच्या भावाचं पोट

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पण चंद्र दाखवणारी नव्हे. मी माणसाच्या तोंडातून थेट पोटात उतरते. लांब काळी नळी आणि टोकाला इवलासा दिवा, एवढंच माझं रूप. दवाखान्यात नवी आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी उचललं होतं.

सुरुवातीलाच पोहायला शिकवणाऱ्या एक ताई आल्या. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, नुसता हाडांचा सापळा! निरोगी आतडं आतून मखमलीसारखं लवदार असतं. त्यांचं झिजून सपाट झालं होतं. बारीक तुकडा काढून तपासला.

"सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू पोटात गेला की आतडं झिजतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गहू, जव कायमचे बंद. चवीपुरतेसुद्धा नाहीत. आणि हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. भावाचंही रक्त तपासून घेऊ."

दाराशी उभा असलेला त्यांचा पाठचा भाऊ खो खो हसला. लोकांचं घरसामान हलवायचा तो. कपाट एकट्याने पाठीवर घ्यायचा.

"माझं? अहो, मी दगडही पचवतो! ताईचंच पोट पहिल्यापासून नाजूक."

ताईंनी पथ्य पाळलं. गाल वर आले. "भावाच्या किती मागे लागले, पण ऐकेल तर शपथ," असं त्या दर भेटीत म्हणायच्या.

वर्षं सरली. एका सकाळी तोच भाऊ ताईंबरोबर आला आणि मी त्याला ओळखलंच नाही. चेहरा पांढराफटक, पँट पट्ट्याने कशीबशी आवळलेली. मी आत उतरले. तीच सपाट भिंत! जरा पुढे सरकले, तर वाट अडवून बसलेली खडबडीत, रक्ताळलेली गाठ. डॉक्टरीणबाईंनी लगेच तिचा बारीक तुकडा काढला.

तपासणीत लहान आतड्याचा कर्करोग निघाला.

"पण आजार तर मला होता!" ताई किंचाळल्याच. "याचं तर कधी साधं पोटही दुखलं नाही!"

"त्यालाही होता. वरून दिसला नाही, इतकंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असा कर्करोग क्वचितच होतो. पण आजार ओळखलाच नाही, खाणं तसंच चालू राहिलं, की धोका वाढतो."

भावाने खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "माझ्या मुलीला आजच बोलावतो. तिचं रक्त तपासा."

मुलीतही आजार सापडला, पण वेळेवर. भावाचं ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत. पुढचं अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

आता नव्या दुर्बिणी आल्यात. मी काचेच्या कपाटात पडून असते, पण ती गाठ काही नजरेसमोरून हलत नाही. मित्रांनो, घरात एकाला हा आजार निघाला, तर बाकीच्यांनी हसू नका. मुकाट्याने बाही वर करा.