वाटेतली खुर्ची

चाकांच्या खुर्च्या बनवणारी ती कंपनी तशी लहानच. सांगाड्याच्या नळ्या जवळच मिळायच्या, पण चाकं जहाजाने यायची आणि जहाजाचं भाडं बघता बघता दुप्पट झालं. वर डिझेल महागलं. मालक डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा माल रवाना करायचं काम बघणाऱ्या ताईने तोडगा काढला. अर्धी रिकामी गाडी सोडायचीच नाही. एका दिशेच्या गावांच्या ऑर्डरी साठू द्यायच्या, गाडी गच्च भरली की मगच हलवायची.

गाड्यांचं भाडं आटोक्यात आलं. "ताईमुळे कुणाला घरी बसवावं लागलं नाही," असं मालक सगळ्यांसमोर म्हणाले आणि ते खरंही होतं.

मोठ्या इस्पितळांचा माल भराभर जायचा. आडबाजूच्या एकेकट्या खुर्च्या मात्र गोदामात पडून राहायच्या. त्या गिऱ्हाइकांचे फोन ताईकडे यायचे. पहिल्यांदा ती "उशीर होईल" म्हणायची, तर लोक हुज्जत घालायचे. मग ती "माल निघालाय, वाटेत आहे" म्हणू लागली. वाटेतल्या मालावरून कोण कशाला भांडेल? हळूहळू जीभ सरावली.

एका सकाळी गोदामाच्या दारात एक शिंपी येऊन उभा राहिला. मागे कुणाचा तरी मागून आणलेला टेम्पो. ताईने आवाज ओळखला. आईच्या खुर्चीसाठी हाच फोन करायचा, दर वेळी आधी 'त्रास देतोय' म्हणायचा.

"ताई, गाडी कुठे बंद पडली असेल तर तेवढं ठिकाण सांगा," तो म्हणाला. "मीच जाऊन खुर्ची उतरवून घेतो. आईला उचलून उचलून माझी पाठ गेलीय हो. तुमच्या ड्रायव्हरचाही खोळंबा नको."

"बसा, बघते," म्हणून ताई फोनकडे वळली, उगाचच. शिंपी बसला नाही. भिंतीशी लावलेल्या खुर्च्या बघत पुढे गेला आणि एका खुर्चीपाशी थांबला. प्लास्टिकवर धूळ होती, तरी वर चिकटवलेलं त्याच्या दुकानाचं नाव वाचता येत होतं. त्याने ते बोटाने पुसून पुन्हा वाचलं.

मग ताईकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. एक शिवी हासडली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

त्याने खिशातून फोन काढला. "आई, मिळाली गं खुर्ची. हो, वाटेतच अडकली होती. इथल्या ताईंनी शोधून दिली. सांगतो, सांगतो." फोन ठेवून तो म्हणाला, "आईने तुम्हाला आशीर्वाद सांगितलाय. दोरी मिळेल का?"

खुर्ची बांधताना ताईने दुसरं टोक धरलं. "मी खोटं बोलले तुमच्याशी," ती कशीबशी म्हणाली.

"कळलं ते," शिंपी म्हणाला आणि गाठ मारून निघून गेला.

ती तशीच मालकांकडे गेली. "मला हे आता जमणार नाही. निदान लोकांना खरं तरी सांगू या."

"ऑर्डरी तुटतील," मालक म्हणाले. "आणि भाड्याचं काय? गाडी भरून सोडायची अक्कल तुझीच होती ना?"

"माझीच," ती म्हणाली.

दुपारी एका बाईचा फोन आला. खुर्ची नवऱ्यासाठी हवी होती. ताईने सांगितलं, माल इथेच आहे, गाडी भरायची आहे, कधी निघेल ते सांगता येत नाही. बाईने तिचा चांगलाच उद्धार केला, ऑर्डरही रद्द केली. ताईने सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर पलीकडच्या टेबलावरच्या हिशेबनिसाने विचारलं, "काय झालं?"

तिने त्या बाईची ऑर्डर खोडली. फोन परत वाजत होता.