पंख्यावरचा पत्रा

मच्छिंद्रची बायको चांगुणा वारली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा राजूरच्या दूध संकलन केंद्रावरच्या साहेबांनी त्याला आणखी दोन वाड्यांचं दूध आणायला सांगितलं. मच्छिंद्र बरं म्हणाला. त्या वर्षात तो कशालाच नाही म्हणाला नव्हता.

त्याची गाडी डिझेलवरची तीनचाकी, मागं बंद पेटी असलेली. सीटखाली एका सिलिंडरचं इंजिन, पाण्यावर नाही, पंख्याच्या हवेवर थंड होणारं. वाडी खाली खोऱ्यात आणि राजूर वर, मध्ये उभा चढ. भरलेली गाडी त्या चढाला दोनदा थांबायची. मच्छिंद्र चाकामागं दगड लावायचा आणि इंजिन निवेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहायचा. घाई अशी त्याला कधी वाटायची नाही. पण आता कॅन दीडपट होणार होते, आणि उशिरा आलेलं दूध केंद्र घेत नाही.

संगमनेरच्या एका गॅरेजवाल्यानं नवं इंजिन टाका नाहीतर गाडी काढून टाका, असं सांगितलं. दोन्ही परवडणारं नव्हतं. थोडक्यात भागवून गाडीत ओढ आणील असा माणूस त्याच्या माहितीत एकच होता, त्याचा सख्खा धाकटा भाऊ वाल्मिक. त्याचं गॅरेज राजूरलाच होतं. पण दोघं भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते.

भांडण झालं नव्हतं. भात कापताना चांगुणेला घोणस चावली, तेव्हा मच्छिंद्र एसटीनं अकोल्याला गेलेला होता. वाल्मिक कापणीला आला होता. त्यानं भावाचीच गाडी काढली, वहिनीला पेटीत निजवलं आणि निघाला. चढाच्या मध्यावर गाडीनं मान टाकली. मागून जीप यायला पाऊण तास लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला कुणीतरी म्हणालं, मेकॅनिक असून गाडी चढवता आली नाही. वाल्मिक खाली मान घालून ऐकत राहिला आणि तेराव्यानंतर वाडीला आलाच नाही. मच्छिंद्रची मुलगी मोनिका बारावीला राजूरच्या कॉलेजात जायची, तीही काकाच्या गॅरेजवरून जाताना तोंड फिरवायची. मच्छिंद्रनं तिला कधी हटकलं नाही.

एका सकाळी दूध उतरवून तो गाडी घेऊन गॅरेजवर गेला. वाल्मिक टपरीवरून चहा घेऊन येत होता. त्यानं हातातला ग्लास भावाला दिला आणि स्वतःसाठी दुसरा आणायला गेला.

काम तीन दिवस चाललं, तोवर दूध भाड्याच्या जीपनं आलं. नवीन असं त्यात फारसं काही नव्हतं. वाल्मिकनं एअर फिल्टर रॉकेलमध्ये धुतला. सायलेन्सर काढून आतली काजळी खरवडली, आणि ती इतकी निघाली की त्या नळीतून धूर जात तरी कसा होता, असं वाटावं. डिझेल फवारणारा नोझल तपासून आणला, व्हॉल्व्हचे टॅपेट नीट केले. मच्छिंद्र पाना पुढं करायचा, घाणीचा डबा रिकामा करायचा. बोलणं कामापुरतंच. वाल्मिकनं एकदा मोनिकाचा अभ्यास विचारला, मच्छिंद्रनं चाललाय म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी इंजिनच्या अंगावरच्या खाचा साफ करायच्या राहिल्या होत्या. त्यात तेल, धूळ आणि भाताचा भुसा बसून दगड झाला होता. मच्छिंद्र तारेनं एकेक खाच उकरत होता. वाल्मिक तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कात्रीनं कापत होता. तो पत्रा त्यानं वाकवला, पंख्यापासून इंजिनपर्यंत बसवला आणि कडेला बोल्ट मारले.

मच्छिंद्रनं त्या पत्र्याचा आकार ओळखला. असाच एक तिथं पूर्वी होता. खडखडायचा म्हणून गेल्या वर्षी कापणीच्या आधी त्यानंच काढून टाकला होता. उघड्यावर इंजिनला जास्त वारा लागेल, असं त्याला वाटलं होतं. तो जुना पत्रा आता घरी कोंबड्यांच्या खुराड्यावर होता.

वाल्मिक बोल्ट आवळता आवळता म्हणाला, की या पत्र्यामुळंच पंख्याची हवा या खाचांतून जाते. पत्रा नसला की हवा नुसती इकडंतिकडं उडते, इंजिन तापतं आणि तापलं की ओढ मरते.

मच्छिंद्रच्या हातातली तार थांबली.

"त्या दिवशी तुला दिसलं हुतं?"

"सीट उचललं तवाच दिसलं."

"मंग बोलला का न्हाईस?"

वाल्मिकनं पाना खाली ठेवला. "दादा, तू आधीच मेल्यावानी बसला हुतास. तुला आनखी काय सांगू?"

मच्छिंद्रला काहीतरी व्हायला हवं होतं. रडू यावं, नाहीतर संताप यावा. त्यानं वाट पाहिली. मग तार उचलून उरलेल्या खाचा उकरल्या.

दुपारी पाण्यानं भरलेले कॅन पेटीत ठेवून ते चढाच्या पायथ्याशी उतरले आणि गाडी चढाला लावली. ती दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता वर आली. वाल्मिक इंजिनकडं कान लावून बसला होता. मच्छिंद्रनं वाटेत कुठंच बाजूला पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यानं मोनिकाला सगळं सांगितलं. पत्रा कुणी काढला, कधी काढला आणि काकाला ठाऊक असून तो गप्प का बसला. सांगताना त्याचा आवाज दुधाचं माप सांगावं तसा होता. मोनिका ऐकून आत गेली. दोन दिवस तिनं त्याला जेवायला वाढलं, पण ती एक शब्द बोलली नाही.

रविवारी ती डबा घेऊन गाडीत येऊन बसली आणि गॅरेजवर न्या म्हणाली. वाल्मिक तिला बघून उठला, हात पुसायला फडकं शोधू लागला. ती त्याच्यासमोर लाकडी खोक्यावर बसली.

"काका, चढावर आई काय बोलली का?"

वाल्मिकनं फडक्यानं एकेक बोट पुसलं.

"म्हस पान्यावाचून बांधलीय, म्हनली. दोनदा म्हनली."

मोनिकानं मान हलवली. मग तिनं डबा उघडला आणि काकापुढं भाकरी ठेवली. मच्छिंद्र गाडीतच बसून होता. थोड्या वेळानं तिनं त्याच्याकडं न बघताच त्याचीही भाकरी काढून झाकणावर ठेवली. तेव्हा तो उतरला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसला.