दांड्याला गेलेली चीर

नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात पितांबर फिटर होता. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचा. सारंगखेड्याच्या उदेसिंगने भंगारात निघालेली एक जुनी फ्रेंच मोटार घेतली, तेव्हा बैल जुंपून ती थेट पितांबरच्याच दारात ओढत आणली. मोटार पंचवीस वर्षांची, मागची चाकं साखळीवर फिरणारी. दोघांनी वर्षभर तिच्यात जीव ओतला. टप काढला, दारं काढली, पिस्टन जिनाच्या लेथवर नवे कातले. शेवटी उरलं ते इंजिन, सांगाडा आणि दोन बैठका.

शर्यतीला समोरचा गडी होता पेढीवाल्याचा मुलगा रतिलाल. त्याने एका टपालगाडीची शेपटी छाटून शर्यतीची गाडी केली होती. नंदुरबारच्या वेशीपासून रनाळ्यापर्यंत पळायचं ठरलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी वंगण घालायला पितांबर मोटारीखाली शिरला. स्टिअरिंगच्या दांड्याला डाव्या बाजूने केसाएवढी चीर गेलेली दिसली. नवा दांडा घडवायचा म्हणजे चार दिवस. शर्यत मोडणार, रतिलाल गावभर हसणार. पितांबरने चिरेवर तार करकचून गुंडाळली, वर वंगण फासलं. आपणही शेजारी बसणारच आहोत, अशी मनाची समजूत घातली.

"सगळं ठीक शे ना?" उदेसिंगने विचारलं.

"ठीक शे, बापू."

रनाळं कोसभर राहिलं तेव्हा ते पुढे होते. वळणावर दांडा तुटला. मोटार रस्ता सोडून कोरड्या नाल्यात उलटली. पितांबर कापसाच्या शेतात फेकला गेला. त्याचं खरचटण्यावर निभावलं. उदेसिंगचा पाय खाली चिरडला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी पाय वाचवला, पण लंगडणं कायमचं राहिलं. वेग आवरला नाही पोराला, असं लोक म्हणाले. उदेसिंगही तेच म्हणे, "मन्हा हात चुकना." पायाचं दुःख त्याने पचवलं, हे मात्र पचेना. घोड्यावर बसेना, बैलाचा कासराही हातात धरेना.

पितांबरच्या कानावर सगळं येत होतं. बायको दगूबाई काय झालं म्हणून विचारून थकली. दोन महिन्यांनी तो सारंगखेड्याला गेला. उदेसिंग ओट्यावर पाय लांब करून बसला होता. पितांबर खालीच उभा राहिला.

"तुमना हात नही चुकना, बापू. दांडाले चीर व्हती. माले सकायलेच दिसनी व्हती."

उदेसिंगने लगेच विचारलं,

"कोनती बाजूले?"

"डावी."

उदेसिंगने आपले दोन्ही हात समोर धरले, उलटेसुलटे करून पाहिले. त्याचे डोळे भरून आले.

"मंग सांगं का नही?"

"शर्यत मोडी जाती."

उदेसिंगने हात खाली घेतले. मग तो म्हणाला, "जाय आते. परत येऊ नको." आवाज चढलेला नव्हता. पितांबर आल्या वाटेने परत निघाला.

आठ दिवसांनी रतिलालने जिनात येऊन सांगितलं, उदेसिंग पुन्हा मोटारीवर बसायला लागलाय. दुरुस्तीचं काम त्याने दोंडाईच्याच्या नवल मिस्त्रीला दिलंय, नवा दांडाही त्याच्याकडूनच घडवून घेतला. पितांबरला मनापासून बरं वाटलं. दुपारी दगूबाईने पाठवलेली भाकर मात्र त्याने तशीच परत नेली.