परक्या पितरांचं पान

“चमच्याने खा ना, बाबा. चॉपस्टिक्स कंपल्सरी नाही,” उदय हळूच म्हणाला.

पद्माकर घैसासांनी हायसं वाटून चमचा उचलला. लंडनच्या कडेला न्यू मॉल्डनमधल्या त्या लहानशा घरात बुटक्या टेबलाशी ते मांडी घालून बसले होते. इंग्लंडमध्ये अर्धं आयुष्य गेलं, पण सकाळच्या वेळी मांडी घालून पानावर बसण्याचं सुख असं एका कोरियन घरात मिळेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. म्हणायला नाश्ता, पण समोर चांगलं चारी ठाव जेवण होतं. वाफाळता भात, तिळाच्या तेलातला पालक, मुळ्याची भाजी, कोबीची आंबवलेली लालभडक किमची. सुपात तर चक्क अळकुड्या होत्या.

“यात मीट नाही, फिश नाही, अंकल,” मीयंग इंग्रजीत म्हणाली. “आईने तुमच्यासाठी सगळंच तसं केलंय.”

मीयंग उदयबरोबर बेसिंगस्टोकला एका कॉम्प्युटर कंपनीत होती. तिच्या आईचं एकच म्हणणं होतं, मुलाच्या घरचं माणूस पाहिल्याशिवाय लग्नाला हो म्हणणार नाही. आणि उदयच्या घरचं माणूस म्हणजे आता पद्माकरच. सुप्रभा जाऊन तीन वर्षं झाली होती. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यापासून ते साउथहॅम्प्टनच्या घरात पुस्तकांच्या ढिगात एकटे राहत. चार माणसांत तोंड उघडलं की आपलं काहीतरी चुकणार, ही धास्ती त्यांना लहानपणापासूनची होती. म्हणून आज न बोलता पोटभर जेवायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

मीयंगच्या आईने त्यांच्या बशीत उकडलेल्या इवल्या करंज्या ठेवल्या. आत तिळाचं गोड सारण. “उकडीच्या करंज्या!” ते मराठीतच म्हणाले. बाई हसल्या. उदयचाही चेहरा सैल झाला.

तेवढ्यात बाई आणखी सूप आणायला उठल्या आणि त्यांच्या पाठीमागचा कोपरा पद्माकरांना दिसला. चौकटीतला एका पुरुषाचा फोटो. पुढे उदबत्तीची राख आणि भाताने भरलेले दोन वाडगे.

“आज काही आहे का?” त्यांनी विचारलं.

“आज आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांना जेवायला वाढतात,” मीयंग म्हणाली. “हे माझे डॅड. आधी त्यांना वाढायचं, मग तेच घरच्यांनी खायचं. आपण खातोय ना, तेच.”

पद्माकरांचा घास तोंडातच फिरू लागला. भाद्रपदी पौर्णिमा. काल अनंत चतुर्दशी, उद्यापासून पितृपक्ष. त्यांना वाई आठवली. लोकांच्या श्राद्धाला जेवायला जाणारे वडील आणि त्यांच्यामागून फरपटत जाणारा, सोवळं नेसवलेला पद्या. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं ओरडत, “श्राद्धभट आला, कावळ्याचं पान मांडा!” गाव सुटलं तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पुन्हा कुणाच्या मेलेल्या माणसाच्या पानावर बसायचं नाही.

त्यांनी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि चमचा खाली ठेवला. “आय अॅम फुल. थँक यू.”

भात अर्ध्याहून अधिक उरला होता. मीयंगची आई सुपाचं भांडं घेऊन उभी राहिली. तिने भाताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. कोरियनमध्ये काहीतरी पुटपुटली. मीयंगने त्याचं भाषांतर केलं नाही.

खाऊन झाल्यावर चौघांनी मिळून किंग्स्टनचा जुना भाग बघायला जायचं ठरलं होतं. गेले बापलेक दोघंच. मीयंग म्हणाली, आईला बरं वाटत नाहीये.

नगरपालिकेच्या गिल्डहॉलपाशी लोखंडी कठड्यात तो दगड होता, सॅक्सन राजांचा राज्याभिषेक ज्याच्यावर झाला म्हणतात तो. पद्माकरांनी आठवडाभर त्याच्याबद्दल वाचलं होतं. आता त्यावरचं एक नावही त्यांना वाचवेना.

“व्हॉट वॉज दॅट, बाबा?” उदय फुटलाच. “चार चमचा खाल्ला आणि स्टॉप! तिची मम्मी रात्रभर किचनमध्ये होती.”

“श्राद्धाचं पान आहे हे तू आधी सांगायचंस.”

“सांगितला असता तर आलाच नसता तुम्ही.”

ते खरं होतं. पद्माकर कठडा धरून उभे राहिले आणि अडखळत, दगडाकडे बघत, त्यांनी वाईचं सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. सुप्रभालाही कधी सांगितलं नव्हतं.

उदयने ऐकून घेतलं. “पण ते लोक आजोबाला दक्षिणा देऊन बोलवायचे. इथे तुम्हाला फॅमिली म्हणून बसवला होता. घरचेच फक्त बसतात तिथे.” मग आवाज उतरला. “तिची मम्मीने माझ्याकडे आईचा फोटो मागितला होता. मी तुम्हाला विचारायला लाजलो. सो फोटो नव्हता, पण भात ठेवला तिने. डॅडच्या बाजूचा बाउल आईचा होता. त्यांच्यात असं कोणी करत नाही, बाबा. आपण तरी केलंय काय आईसाठी कधी?”

मार्केटमधून कुणा फळवाल्याची आरोळी आली. तीन पितृपक्ष पद्माकरांनी पुस्तकात डोकं खुपसून काढले होते.

“चल परत.”

“आत्ता? तुम्हाला तो ओल्ड ब्रिज बघायचा होता ना?”

“चल म्हणतो ना, उदय.”

घरी आले तेव्हा बुटकं टेबल पाय मिटून भिंतीला टेकवलेलं होतं. कोपरा रिकामा होता. स्वयंपाकघरात वाडगे धुऊन पालथे घातले होते. पद्माकर मोज्यांवरच दारात उभे राहिले.

“काही उरलंय का?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. “भात? थोडासाही चालेल.”

मीयंगने आईला विचारलं. उत्तर लांबलचक आलं. “आईने सगळं शेजारी वाटून टाकलं,” मीयंग खाली बघत म्हणाली. “तुम्हाला आमच्यातलं व्हायचं नाही, असं वाटलं तिला.”

पद्माकर मान डोलावत राहिले. सॉरी म्हणावं तर शब्द फार लहान वाटला. ते तिथेच, स्वयंपाकघराच्या फरशीवर, मांडी घालून बसले. “बाबा, खुर्ची...” उदय म्हणाला.

बाई बराच वेळ त्यांच्याकडे पाठ करून ओटा पुसत होत्या. मग फडकं टाकून त्या समोर येऊन बसल्या. हातात सुरी आणि सफरचंदासारखं गोल, पिवळट पेअर. त्यांनी घाई न करता ते सोललं. एक फोड कापून, सुरीच्या टोकावरून त्यांच्या तळहातावर ठेवली. हसल्या नाहीत.

ते फळ फोटोपुढे ठेवलेलं होतं की बाजारातून आणलेलं, हे पद्माकरांनी विचारलं नाही. त्यांनी ती फोड तोंडात घातली. बाईंनी मान वर केली नाही. त्या दुसरी फोड कापत होत्या.